रुपयात किलोमीटर? आधी लाईट बिलाचा स्लॅब बघा

इलेक्ट्रिक गाडी घेतली की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "किती पडते बे किलोमीटरला?" आणि समोरचा छाती फुगवून सांगतो, एक रुपया. यूट्यूबवर पण तेच, शोरूममध्ये पण तेच. आमच्या दादाकडे इलेक्ट्रिक आहे, माझ्याकडे पेट्रोल, त्यामुळे घरात हा विषय निघाला की चहा थंड होतो, शेवटी एका रविवारी बिलं घेऊनच बसलो.

तर तो एक रुपया खोटा नाहीये. पण तो पहिल्या स्लॅबचा आहे. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटला वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचा खर्च) धरून ६ रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० ला १२ च्या आसपास, ३०१ ते ५०० ला साधारण साडेसोळा आणि ५०० च्या वर अठरा-एकोणीस. शिवाय या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. मध्यम साइजची गाडी मीटरवरच्या एका युनिटमध्ये ६ किलोमीटर जाते असं धरा (चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जातेच, कंपनीचा रेंजचा आकडा धरून हिशोब करू नका), म्हणजे पहिल्या स्लॅबमध्ये किलोमीटर पडतो १ रुपया १६ पैशाला. फक्त अट एवढीच की घरात फ्रीज, पंखा, टीव्ही काहीच चालायला नको, अख्खे १०० युनिट गाडीलाच.

खरं म्हणजे घराचं वापरून झाल्यावर जे युनिट पडतात ते गाडीचे. ते कायम वरच्याच स्लॅबमध्ये जाऊन बसतात आणि नागपुरात मार्च लागला की अजून वर चढतात.

दादा मनीषनगरहून बुटीबोरीला ये-जा करतो, महिन्याला हजारेक किलोमीटर होतात. थंडीत घराचे १८० युनिट धरले आणि गाडीचे १६७, तर गाडीचे १२० युनिट बारा रुपयेवाल्या स्लॅबमध्ये आणि उरलेले ४७ साडेसोळावाल्यात. शुल्कासकट साधारण २,५७० रुपये, म्हणजे किलोमीटरला अडीच-पावणेतीन रुपये. आता मे महिना घ्या. हॉलमध्ये कूलर, बेडरूममध्ये एसी, घराचेच ४०० युनिट, पारा ४५ च्या वर, गाडीचा एसी पण फुल, त्यामुळे गाडी १८० युनिट खाते. यातले १०० साडेसोळाने आणि ८० साडेअठराने. ३,६०० च्या वर गेलं की नाही? तीच गाडी, तोच रस्ता, तोच वर्धा रोडचा ट्रॅफिक, आणि किलोमीटर आता ३ रुपये ६० पैशाला.

तरी पेट्रोलपुढे हे काहीच नाही, हे पण सांगतो नाहीतर दादा वाचून फोन करेल. पेट्रोल शंभरच्या वर, १०४ धरू. त्याच साइजची पेट्रोल गाडी सिटीत १३ देते, एसीत १२, म्हणजे ८ ते पावणेनऊ रुपये किलोमीटर. भर उन्हाळ्यात, सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये सुद्धा दादाचे महिन्याला पाच हजार वाचतात. वर इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही. टायर मात्र लवकर जातात, गाडी जड असते आणि पिकअप जोरदार, दादाचा पाय तर त्याहून जोरदार.

हायवेवर गोष्ट वेगळी आहे. फास्ट चार्जरवर युनिट वीसच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी, आणि शंभरच्या स्पीडला गाडी युनिटला पाचच किलोमीटर देते. झाले पावणेपाच रुपये. पेट्रोल गाडी हायवेवर १७ देते म्हणजे सहा रुपये. फरक फक्त सव्वा-दीड रुपयाचा, आणि मध्ये चार्जिंगला थांबायचं ते वेगळं. पण राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला, तिथे खेळ पलटतो. कारचा टोल किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे चौदाशेच्या वर वाचले. हायवेवरची खरी बचत विजेत नाही, टोलमध्ये आहे!

आता घ्यायची की नाही. ईव्हीवर ५ टक्केच जीएसटी आहे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा २८ वरून १८ झाला, सेसही गेला, त्यामुळे किमतीतला फरक उलट वाढला. दुसरीकडे पेट्रोलवाल्याला इथे १० लाखांपर्यंतच्या गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स भरावा लागतो, ईव्हीवाल्याला तो माफ, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्समध्येही १५ टक्के सूट. हे सगळं धरून ऑन-रोड दोन-अडीच लाखांचा फरक राहिला असं समजा. दादाचा तो चार वर्षांत निघतो. मी नागपूरच्या सदर भागातल्या भागात फिरणारा माणूस, महिन्याला फार तर चारशे किलोमीटर, माझा निघायला नऊ-दहा वर्षं. तोवर बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी पण संपलेली असेल. माझी पेट्रोल गाडी राहू द्या मग.

ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची आहे त्यांनी मात्र सोलरचा हिशोब नक्की करा. ३ किलोवॅटचं सोलर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतं, महिन्याला साडेतीनशे, पीएम सूर्यघर योजनेची ७८,००० सबसिडी मिळते, आणि मजा म्हणजे हे युनिट बिलात वरच्या, महागड्या स्लॅबमधूनच आधी कमी होतात. म्हणजे जो स्लॅब गाडीने वाढवला तोच सोलर खाली आणतं. फ्लॅटवाल्यांची पंचाईत आहे, गच्ची सगळ्यांची. दादाच्या सोसायटीत तर अजून पार्किंगमधल्या १५ अँपियरच्या सॉकेटवरूनच वाजून राहिलंय. वायर दादाच्या मीटरवरूनच खाली आलीये, तरी तिसऱ्या मजल्यावरचे काका दर मीटिंगला विचारतात, "काहून रे, आमच्या मेंटेनन्समधून गाडी चार्ज करून राहिला का तू?" यावेळी दादा बिलाची झेरॉक्स घेऊन जाणार आहे.