ओजे २८७ : आजही काही झालं नाही

माझ्या वहीत ओजे २८७ या दूरच्या दीर्घिकेच्या रकान्यात तेजाच्या प्रतीचे आकडे (आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) येतात ते असे : १४.९, १५.०, १४.८, परत १४.९. जाऊबाई म्हणतात, "अगं, एवढ्या थंडीत गच्चीवर जाऊन हेच लिहायचं तर घरात बसूनच लिहीत जा की." नारायणगावच्या बाजूला आमचं शेतातलं घर. चहूकडे ऊस, त्यात बिबट्या, त्यामुळे दुर्बीण अंगणात लावायचा प्रश्नच नाही. आठ इंची दुर्बीण, कॅमेरा आणि इन्व्हर्टर, सगळं गच्चीवर.

हा ठिपका कर्क राशीत आहे, पुष्यातल्या धूसर तारकागुच्छाच्या जरा पूर्वेला. त्याचा प्रकाश साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला. दीर्घिकेच्या गाभ्यात अजस्र कृष्णविवर आणि त्याचा झोत नेमका आपल्या दिशेनं, म्हणून हा ब्लेझार. अशा झोताचा उजेड तासातासाला लुकलुकतो. त्यामुळे एखाद्या रात्री तेज वाढलं म्हणून हुरळून जायचं नसतं.

१८८०च्या दशकापासूनच्या फोटोंच्या काचांवर तो आहे. त्या काचा काढल्या होत्या दुसऱ्याच कशासाठी तरी. १९८८मध्ये खगोलशास्त्रज्ञ सिलानपा आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी मांडल्या तेव्हा साधारण बारा वर्षांनी येणारे मोठे भडके दिसले, तेही जोडीजोडीनं. १९९६मध्ये लेहतो आणि वाल्टोनेन यांनी त्याचं चित्र उभं केलं : लहान कृष्णविवर मोठ्याभोवती फिरतं आणि दर फेरीत त्याच्या वायूच्या तबकडीतून दोनदा आरपार जातं. तापलेला वायू उसळून फुगतो आणि पुरेसा विरळ झाला की त्यातला प्रकाश बाहेर पडतो. कक्षा मात्र एका जागी राहत नाही, दर फेरीला सुमारे ३९ अंशांनी वळते. (बुधाची कक्षा सापेक्षतेमुळे शंभर वर्षांत ४३ विकला वळते, त्यावरही केवढा गाजावाजा झाला होता!) म्हणून भडक्यांची तारीख कॅलेंडर बघून सांगता येत नाही, गणितच मांडावं लागतं.

ते गणित मुंबईत टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) झालं. लंकेश्वर डे, गोपकुमार आणि सहकाऱ्यांनी वर्तवलेला भडका अवकाशातल्या स्पिट्झर दुर्बिणीनं ३१ जुलै २०१९ला पकडला, अंदाजापासून जेमतेम चार तासांच्या फरकानं. पृथ्वीवरून तो दिसणं शक्यच नव्हतं. जुलैअखेर सूर्य नेमका याच भागात असतो. आपल्याकडे तेव्हा म्हातारा पाऊस चालू असतो, म्हणजे आम्हाला दुहेरी सुट्टी.

आता खरी गंमत. पुढचा मोठा भडका ऑक्टोबर २०२२मध्ये अपेक्षित होता. स्टेफनी कोमोसा यांच्या गटानं डोळ्यात तेल घालून पाहिलं, आणि तो आला नाही. त्यांच्या हिशेबानं मोठं कृष्णविवर सुमारे दहा कोटी सूर्यांएवढं. वाल्टोनेन यांच्या मॉडेलमध्ये तेच १,८०० कोटींहून जास्त! वाल्टोनेन यांची बाजू अशी की तबकडी वाकते, म्हणून भडका आधीच, सूर्याआड असताना होऊन गेला. असेलही. पण सूर्याआड गेलेल्या गोष्टीची उलटतपासणी घेता येत नाही, त्यामुळे हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. टीआयएफआरचा अभिमान आहेच, तरी आज पैज लावायची तर मी कोमोसांच्या वजनावर लावेन. जोडी असू शकते, फक्त इतकी अवाढव्य नसावी.

म्हणूनच ते १४.९ मला कंटाळवाणं वाटत नाही. "भडका आला नाही" हे म्हणायला त्या दिवसांच्या नोंदी लागतात. ढगाळ रात्रीबद्दल कुणालाच काही म्हणता येत नाही.

ऑक्टोबरपासून हा भाग पहाटे पुन्हा वर येतो. कुणाला सुरुवात करायची असेल तर आर (लाल) फिल्टर लावा, फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचे दुरुस्तीसाठीचे फोटो घ्यायला कंटाळू नका आणि त्याच चौकटीतल्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करा. दव फार पडतं, दुर्बिणीला हीटरची पट्टी हवीच. आणि वेळ युटीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा. आपली पहाट तिथे आदल्या तारखेला पडते, नंतर वही दुरुस्त करत बसायला नको.