ग्रीन कार्डवाला नवरा

आज नवऱ्याने अमेरिकेतून आय-१३०, म्हणजे बायकोला तिकडे नेण्यासाठीचा पहिला अर्ज, भरला एकदाचा. अख्खा दिवस व्हिडिओ कॉलवर, आमचं लग्न खरंच झालंय याचे पुरावे गोळा करण्यात गेला. मॅरेज सर्टिफिकेट, हळदीचे फोटो, एकमेकांना पाठवलेल्या पैशांच्या पावत्या. मुंडावळ्यांतला फोटो मात्र फाइल मोठी म्हणून अपलोडच होईना.

सगळ्यांना वाटतं, ग्रीन कार्ड आहे म्हणजे बायकोला लगेच नेता येतं. कुठलं काय! तो तिथला नागरिक असता तर माझ्या व्हिसाला कोटा नसता. ग्रीन कार्डधारकाची बायको एफ२ए गटात, तिथे दरवर्षीची संख्या ठरलेली. मग दर महिन्याला अमेरिकी सरकारचं व्हिसा बुलेटिन उघडून, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला, ती तारीख किती सरकली ते बघायचं. कधी कधी ती चक्क मागे जाते! फियान्से व्हिसाही फक्त नागरिकांच्या होणाऱ्या जोडीदारांना. टुरिस्ट व्हिसा मागावा, तर नवरा तिकडे असताना "मी परत येईन" हे अधिकाऱ्याला पटवायचं कसं?

ग्रीन कार्डाला ५ वर्षं झाली की तो नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे. ते मिळालं की हाच आय-१३० बिनकोट्याच्या गटात जातो.

सासूबाई विचारतायत, "नक्की कधी जाणार गं?" त्यांना बुलेटिनची लिंक पाठवलीये.