कुळागरामागचा उतार : तिसरी फेरी, मे अखेर

गोव्यात सत्तरी तालुक्यात मामांच्या कुळागरामागचा, म्हणजे पोफळीच्या बागेमागचा, उतार मी ऑक्टोबरपासून ड्रोनने मोजतोय. पायथ्यापासून माथा 35 मीटर उंच, आडवं अंतर साधारण 90 मीटर. वर जांभ्याचा कडक थर आणि त्याखाली पांढुरकी, हाताने कुस्करता येणारी चिकणमाती. पाऊस जांभ्याच्या भेगांतून आत उतरतो, खालची माती भिजते, तिची पकड सुटते. 16 जुलै 2024 ला कर्नाटकात अंकोल्याजवळच्या शिरूरला दरड कोसळली, ते ठिकाण आपल्या सीमेपासून फार लांब नाही. तिथे नंतर ड्रोनवर बसवलेल्या यंत्रणेने मातीखाली आणि गंगावळीच्या पात्रात धातूचा शोध घेतला गेला. ते काम तज्ज्ञांचं. दरड पडायच्या आधीचा डोंगर मोजून ठेवणं मात्र आपल्याला जमतं, आणि माझी सगळी धडपड त्यासाठीच आहे. किती माती खाली आली आणि वर किती अडकून आहे, हे ड्रोनच्या फोटोंतून बनवलेलं डोंगराचं जुनं त्रिमितीय मॉडेल हाताशी असेल तरच वजाबाकी करून सांगता येतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत माझी चूक उंचीत झाली. ड्रोन पायथ्याच्या अंगणातून उडवला आणि 60 मीटरवर ठेवला. खाली एका फोटोत 86 बाय 65 मीटर जमीन येत होती. फोटो दर 13 मीटरला, रांगांत 26 मीटर अंतर, म्हणजे पुढचा ओव्हरलॅप (लागोपाठच्या फोटोंत सामायिक येणारा भाग) 80 टक्के आणि बाजूचा, म्हणजे शेजारच्या रांगांतला, 70. कागदावर उत्तम. पण 60 मीटर ही अंगणापासूनची उंची. माथ्यावर पोहोचेपर्यंत ड्रोन जमिनीपासून जेमतेम 25 मीटर उरला. तिथे फोटोत 36 बाय 27 मीटरच मावतात, त्यामुळे पुढचा ओव्हरलॅप 52 वर आणि बाजूचा 28 वर आला. मॉडेलमध्ये नेमकी माथ्यालाच भोकं पडली. दरड सुटण्याआधीच्या ताणाच्या भेगा तिथेच दिसतात, म्हणून हे फार लागलं.

या वेळी रांगा उताराला आडव्या घेतल्या आणि प्रत्येक रांगेला ड्रोन 10 मीटर वर चढवला. वेग सेकंदाला 3 मीटर, दर 4 सेकंदांनी एक फोटो. कॅमेरा सरळ खाली न धरता थोडा उताराकडे कलता ठेवला, त्यामुळे उभे कापही भरले आणि मॉडेलला मध्येच येणारा घुमटासारखा खोटा फुगवटा गेला. सगळे मिळून 212 फोटो. फोटो जोडून मॉडेल बनवणाऱ्या वेबओडीएम या सॉफ्टवेअरने माझ्या लॅपटॉपवर साडेतीन तास घेतले. माथ्याला एकही भोक नाही!

ड्रोनच्या जीपीएसची उंची काही मीटरनेही चुकू शकते, म्हणून न हलणाऱ्या सहा जागी चुन्याच्या फुल्या मारल्या आहेत. त्यांच्या उंचीतला फरक गवंडी वापरतात त्या पारदर्शक पाण्याच्या नळीने टप्प्याटप्प्याने मोजला. दोन माणसं आणि अख्खी सकाळ लागते, पण सेंटीमीटरचा भरवसा मिळतो.

ऑक्टोबर आणि मेची वजाबाकी केली तर उताराचा मधला पट्टा जवळजवळ एक मीटर खचलेला दिसला. छातीत धस्स झालं. मामांना फोन केला, ते तडक वर गेले. म्हणाले, "अरे, ऑक्टोबरात इथे कमरेएवढं गवत होतं, आता सगळं वाळून बसलंय." ड्रोनला गवताचे शेंडे दिसतात, जमीन नाही. म्हणून मूळ मॉडेल मेचंच धरायचं हे आता पक्कं.

आणि एक खरी भेग सापडली. 60 मीटरवरून एक पिक्सेल सुमारे 2 सेंटीमीटरचा, त्यामुळे पाच सेंटीमीटरची भेग दोन-तीन ठिपक्यांत हरवते. माथ्यावर 25 मीटरवरून वेगळे फोटो घेतले तेव्हा फणसाच्या मागे 11 मीटर लांबीची, कमानीसारखी वळलेली रेघ उठून दिसली. वर जाऊन पाहिलं. आत वाळलेली पानं, वीतभर खोल. जुनी आहे की नवी, फोटोवरून कळत नाही.

डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे, म्हणजे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. तरी बचावकार्य सुरू असेल तिथे प्रशासनाने बोलावल्याशिवाय कुणीही ड्रोन उडवू नका. हेलिकॉप्टर कमी उंचीवरून येतं आणि आपला ड्रोन त्याच्या वाटेत येतो. जुनं मॉडेल मात्र प्रशासनाकडे लगेच पोहोचवा.

भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या ठोकल्यात. आजचं अंतर 1 मीटर 42 सेंटीमीटर. मृग लागला की मामा रोज सकाळी टेपने मोजून आकडा पाठवणार आहेत. आकडा वाढायला लागला तर घर रिकामं करून 112 ला फोन, हे मामींशीही बोलून ठेवलंय. पुढची फेरी जुलैत, पहिली उघडीप मिळेल त्या सकाळी.