मनोरीहून कायाकने कुप्याच्या मागे: खाडीच्या तोंडाशी गेलेले अडीच तास

आधी निकाल सांगतो. मुंबईच्या किनाऱ्यावरून कायाक ढकलायची आणि फ्लाय रॉडवर (पिसांचं नकली आमिष, म्हणजे फ्लाय, दोरीच्या वजनाने फेकायची काठी) कुपा, म्हणजे ट्यूना, धरायचा असा बेत असेल तर तो सोडा. "दोन किलोमीटरवर कुप्याचे थवे आहेत" असं छातीठोक सांगून एका सहलवाल्याने मला भाड्याची कायाक गळ्यात मारली. वल्हवणं मला येतं, दहा वेटचा, म्हणजे मोठ्या माशाला पेलणारा, रॉड स्वतःचा, आणि धरणाच्या पाण्यात फ्लाय टाकून हातही बसलेला. फसलो ते समुद्राच्या बाबतीत.

कार्तिकी पौर्णिमेचा दुसरा दिवस. कायाक असली की मार्वेच्या फेरीचा उपयोग नाही, टेम्पो भाईंदर-उत्तनवरून वळसा घालून मनोरीच्या जेट्टीला आणावा लागतो. पहाटे मतलई वारा पाठीवर होता, आरामात सहा किलोमीटर आत गेलो. पाणी शेवटपर्यंत दुधाच्या चहासारखं. वल्ह्याचं पातं हातभर खाली गेलं की दिसेनासं व्हायचं. कुपा डोळ्यांनी शिकार करतो, खाड्यांनी आणलेल्या या गाळात तो कशाला येईल? दुपारपर्यंत फ्लाय टाकत राहिलो, एकदाही ओढ लागली नाही.

खरी परीक्षा परतताना. आपल्याकडे जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदा, म्हणजे भरती दुपारी पाऊणला. त्यानंतर सहा तास खाडी रिकामी होत राहणार, आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. मी खाडीच्या तोंडाशी पोचलो तीन वाजता. समोरून ओहोटीचा लोंढा, पाठीमागून खारा वारा. दोन्ही भिडतात तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात, एक उतरेपर्यंत दुसरी मांडीवर. डाव्या हाताला जाळ्याचा एक पांढरा बोया होता. चाळीस मिनिटं जीव तोडून वल्हवलं, मान वळवली, बोया तिथेच. अंगठ्याच्या बुडाचं कातडं सोलून वल्ह्याला चिकटलं होतं. शेवटी तोंड फिरवलं, बाहेरून मनोरीच्या मोकळ्या किनाऱ्यावर लागलो आणि तिथून कायाक ओढत नेली. टेम्पो जेट्टीवर ठेवू नका, किनाऱ्याच्या बाजूला ठेवा. एवढं कुणी सांगितलं असतं तर माझे अडीच तास वाचले असते.

वर पैशांचा त्रास. ठरले होते अडीच हजार. उशीर झाला म्हणून आणखी पंधराशे घेतले आणि लाइफ जॅकेटचे वेगळे तीनशे. जॅकेटचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडून कायाक घेऊच नका. त्याला तुमच्या जिवाची पर्वा नाही.

दहा दिवसांनी, वद्य एकादशीला, ओळखीच्या कोळीदादांच्या होडीवर कायाक आडवी बांधून उत्तनहून निघालो. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटी लहान, त्यामुळे ओढ कमी. निघण्याआधी सागरी पोलिसांना नावं सांगितली. २००८ नंतर इथल्या समुद्रात चौकशी होतेच, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये असू द्या. दादांनी बारा वाव (सुमारे बावीस मीटर) खोल पाणी आल्यावर इंजिन मंद केलं. पाणी हिरवं झालं होतं. "ते बघ कुरव," म्हणाले. पाखरं एका जागी तुटून पडत होती, खाली पाणी उकळल्यासारखं. कायाक उतरवली.

बसून फ्लाय टाकणं उभ्याने टाकण्यापेक्षा खूप अवघड. मागे गेलेली दोरी पाण्याला लागते आणि सगळा जोर मरतो. आखूड, जड डोक्याची दोरी लावा, मांडीवर टोपली ठेवून सुटी दोरी त्यात गोळा करा. थव्याच्या मधे घुसू नका, वाऱ्याच्या बाजूने कडेला राहा. पांढरा-हिरवा क्लाउझर (लहान माशासारखी दिसणारी, जड डोळ्यांची फ्लाय), १/० मापाचा गळ, वीस पौंडाचा लीडर (दोरी आणि फ्लायमधला पारदर्शक धागा). रॉड काखेत दाबून दोन्ही हातांनी शक्य तेवढ्या वेगाने ओढा, सावकाश ओढलेल्या फ्लायकडे तो ढुंकूनही बघत नाही.

तिसऱ्या फेकीला लागला. रीलने जो आवाज काढला तो अजून कानात आहे! दोरी संपून बॅकिंग, म्हणजे रीलवर तिच्या मागे गुंडाळलेला बारीक धागा, सुटलं, कायाकचं नाक आपोआप वळलं आणि तो मला खेचत निघाला. बॅकिंग दोनशे मीटरपेक्षा कमी घेऊन जाऊच नका. दोरीला बोट लावू नका, कापतं. माझ्या तर्जनीवर खूण आहे. वीस मिनिटांनी तो कायाकखाली गोल फिरायला लागला, तेव्हा रॉडचं टोक पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर रॉड काठावर मोडेल.

साधारण तीन किलोचा होता. पाठीवर नागमोडी रेघा, छातीच्या पराखाली काळे ठिपके. त्याची शेपटी हातात थरथरत होती, शिवणयंत्र चालू असल्यासारखी. लगेच कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात घाला. कुप्याचं अंग गरम असतं, उन्हात ठेवला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि मग कितीही शिजवा, खाणाऱ्याचं तोंड लाल होऊन डोकं ठणकतं. बर्फ किनाऱ्यावरूनच भरून घ्या, दहा किलोपेक्षा कमी नको. माझा साडेअकराला संपत आला होता.