तांबट आळी आणि हिरवा फिल्टर

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत गेलो ते दोन कॅमेरे घेऊन. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात इलफर्ड एचपी ५ प्लस या कृष्णधवल फिल्मचा रोल, दुसरा लेकीचा डिजिटल. कृष्णधवलसाठी फिल्म की डिजिटल, यावर आमच्या घरी जेवताना तासन् तास वाद होतो. म्हटलं, एकदा एकाच माणसाचा, एकाच जागेवरून दोन्हींनी फोटो काढूनच बघू.

एक तांबट काका दाराशी बसून घंगाळ्यावर मठारकाम, म्हणजे ठोके देऊन खळगे पाडायचं काम, करत होते. डाव्या हाताने भांडं जरासं फिरवायचं, उजव्याने ठोका. प्रत्येक ठोक्यासरशी बोटाच्या पेराएवढा खळगा उमटतो आणि दारातला उजेड त्या खळग्यात येऊन बसतो. अख्ख्या घंगाळ्यावर असे शेकडो उजेड. मागे काजळलेली भिंत.

फिल्मवर तांबं कसं दिसावं हे बटण दाबायच्या आधी ठरवावं लागतं. भिंगापुढे नारिंगी काच, म्हणजे फिल्टर, लावला की तांबं उजळतं आणि खळगे त्यात बुडतात. हिरवा लावला की ते गडद होतं, खळग्यांच्या कडा वर येतात. मी हिरवा लावला. पण माझा हिरवा दोन स्टॉप उजेड खातो (दर स्टॉपला उजेड निम्मा), आणि आत आधीच उजेड बेताचा. शटर १/६० सेकंदावरून १/१५ वर आणावं लागलं. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, घंगाळं स्पष्ट आलं, हातोड्याचा मात्र नुसता धूर झाला.

लेकीने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२०० ठेवून १/५०० वर काढला. तिचा हातोडा हवेत थांबलेला, त्याच्या लाकडी दांड्याच्या रेषासुद्धा मोजता येतात. तिच्या कॅमेऱ्यात रंगीतच फोटो येतो, कृष्णधवल नंतर कॉम्प्युटरवर. घरी येऊन तिने नारिंगीचा स्लायडर सरकवत तांबं काळं केलं, पांढरं केलं, मधलं केलं. माझा चहा संपेपर्यंत पाच घंगाळी तयार.

मी तोवर डी-७६ या फिल्म धुवायच्या डेव्हलपरची बाटली बर्फाच्या घमेल्यात ठेवून बसलो होतो. द्रावण २० अंशांवर हवं आणि एप्रिलात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीही कोमट असतं. २० अंशांवर साडेसात मिनिटं, दर मिनिटाला फिल्मचा बंद डबा उलटासुलटा करायचा. हे सगळं मी स्वतः करतो, कारण २००३ साली एका लॅबने माझा पाताळेश्वर लेण्याचा कृष्णधवल रोल रंगीतच्या केमिकलमध्ये धुतला. त्यातलं ब्लीच चांदीची प्रतिमाच काढून टाकतं. हातात आली ती कोरी, पारदर्शक पट्टी. ३६ फ्रेम गेल्या. त्या रात्री मी जेवलो नव्हतो. तेव्हापासून एकही रोल बाहेर दिलेला नाही.

दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले. काजळलेल्या भिंतीत डिजिटलने भाता दाखवला, कोळशाची पाटी दाखवली. माझ्या निगेटिव्हवर त्या कोपऱ्यात काहीच नाही, तिथे फिल्म हरली हे मी सरळ मान्य करतो. दाराकडचा उजेड मात्र डिजिटलमध्ये फुटला. तिथे कागदाचा पांढरा रंग, बाकी काही नाही, आणि कितीही सरकवलं तरी येत नाही. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, म्हणून तोच भाग दाट काळा होता, पण रिकामा नव्हता. निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली पूर्ण कागदाला १४ सेकंद दिले, मग पुठ्ठ्याच्या भोकातून फक्त दाराला आणखी २०. तिसऱ्या कागदावर उंबऱ्याचं झिजलेलं लाकूड आलं. लाल दिव्यात ते ट्रेमधून वर येताना बघणं मला अजूनही सोडवत नाही.

मला फिल्म लागते ती या हातोड्यासाठीसुद्धा. तांबं गडद हवं म्हणून मी हातोडा सोडून दिला. माझ्या प्रिंटमध्ये ही देवघेव दिसते. लेकीच्या पाच घंगाळ्यांत तांबं पाच वेळा बदललं, तरी हातोडा तिथल्या तिथेच.

प्रिंट घेऊन पुन्हा आळीत गेलो. काकांनी दोन्ही उजेडात धरले आणि डिजिटल ठेवून घेतला. "ह्यात हत्यार दिसतंय. तुमच्या त्या दुसऱ्यात कुठं गेलं हो?"

प्रश्न बरोबर होता. पुढच्या खेपेला हिरवा तसाच ठेवून रोल एक स्टॉप पुश करणार आहे, म्हणजे कमी उजेड देऊन डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवणार. १/३० वर हातोड्याचं निदान तोंड तरी सापडेल. कोपऱ्यातली भिंत आणखी काळी होईल, होऊ दे.