चार नंबरचा प्राँग

मागच्या नोंदीत मी माझ्या अंगठीबद्दल लिहिलं होतं, ‘सहाही प्राँग ठणठणीत’, म्हणजे हिऱ्याला धरून ठेवणारी सोन्याची सहाही नखं धड आहेत. ते मागे घेते. ठणठणीत होते ते वरून.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: अंगठी साखरपुड्याची, अठरा कॅरेट व्हाइट गोल्ड, आत ७५० चा शिक्का, तीस सेंटचा गोल हिरा, सहा प्राँग. अकरा वर्षं रोज बोटात. कणीक मळतानाही काढत नाही, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे टोमणे नकोत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा एक्सच्या आयग्लासने (दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने) बघते आणि मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून फोटो काढते. बोटाच्या टोकाकडचा प्राँग एक नंबर, पुढे घड्याळाच्या काट्याप्रमाणे. म्हणजे मनगटाकडचा चार. आतला शिक्का बघून अंगठी नेहमी एकाच बाजूने घालते, नाहीतर या नंबरांना काही अर्थच उरत नाही.

या वेळी फोटोआधी अंगठी नीट धुवायची ठरवली. कोमट पाण्यात रिठा, वीस मिनिटं, मग लहान मुलाच्या मऊ ब्रशने हिऱ्याच्या खालच्या बाजूने. पाण्यावर करडी साय आली. पुसून सवयीने कानाशी धरली आणि नखाने टिचकी मारली. टिक. पुन्हा मारली. टिक. म्हणजे हिरा सैल झालाय, आत हलतोय. धुण्याआधी हीच अंगठी एकदम मुकी होती!

हिऱ्याला तेलकटाची भारी ओढ. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत ग्रीस फासलेल्या टेबलांवरून पाणी आणि खडी सोडायचे, खडी वाहून जायची आणि हिरे चिकटून राहायचे, ते याच गुणावर. माझ्या हिऱ्याखाली तूप, हँडक्रीम आणि कणीक यांचा लगदा वर्षानुवर्षं साठत गेला होता, आणि त्यानेच हिऱ्याला गप्प बसवलं होतं. दागिने कंपनांनी धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन घेऊ का, असं मला विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. हिरा सैल आहे की नाही हे न बघता मशीनमध्ये टाकलात, तर नंतर टाकीचा तळ चाचपावा लागेल.

आता शोध सुरू. लोकरीचा धागा सहाही टोकांवरून ओढला, कुठेच अडकला नाही. वरून आयग्लास लावला: टोकं गोल, हिऱ्याच्या कडेवर नीट टेकलेली. मग वाटीत तांदूळ घेऊन अंगठी आडवी रोवली, मागे पांढरा कागद, खिडकीचा उजेड, आणि एकेका प्राँगची बाजू बघत गेले. एक, दोन, तीन ठीक. चारच्या कमरेला, हिऱ्याच्या कडेच्या जरा खाली, चक्क खाच. शेवग्याच्या शेंगेला सुरी अर्धवट लावून सोडावी तशी. टोक शाबूत, पण ते ज्यावर उभं आहे ती तार निम्मी उरलेली. सुईच्या टोकाने अलगद ढकललं तर प्राँग हलताना दिसला.

खाचेपाशी रंगही पिवळसर होता. व्हाइट गोल्डवरचा रोडियमचा (एका पांढऱ्या, चकचकीत धातूचा) मुलामा जिथे घासतं तिथे आधी उडतो आणि खालचं जरा पिवळट सोनं उघडं पडतं. मला तर हा फुकटचा नकाशाच वाटतो. म्हणून फिकट दिसली की लगेच रोडियम मारून आणण्याच्या मी विरोधात आहे. आधी डाग कुठे पडलाय ते बघा, फोटो काढा, मग मुलामा. मी ज्या दुकानातून (नाव घेत नाही) दरवर्षी ‘मोफत तपासणी’ करून आणायचे, तिथे वरून एक नजर, पॉलिश, रोडियम, झालं. पॉलिशमध्ये थोडं सोनं जातंच, वर पुरावाही पुसला जातो.

रविवार पेठेतल्या बंगाली कारागिरांकडे गेले. शनिवारी तासभर मला सेटिंग, म्हणजे खडे बसवणं, शिकवतात तेच दादा. अंगठी डोळ्याशी नेली आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, “ताई, इसके साथ दूसरी अंगूठी पहनती हो क्या?”

घालते. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याने दिलेली, सभोवार बारीक हिऱ्यांची बँड. त्याच बोटात, मनगटाच्या बाजूला. माझी अंगठी बसकी, त्यामुळे बँडचे हिरे थेट चार नंबरला भिडतात. एका वर्षात कानशीचं काम झालं. नवऱ्याला हे कळल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

टोकावर सोनं चढवून उपयोग नव्हता, प्राँगच बदलायला हवा होता. दादांनी तो खाचेखाली कापला. सहा प्राँगचा फायदा तिथे दिसला: एक गेल्यावरही हिरा बाहेर आला नाही, तीन आणि पाच जरासे उघडावे लागले. जरासेच, कारण जुना प्राँग मागेपुढे वाकवला की त्याला तडा जायची भीती. हिरा काढून पुडीत ठेवला, शेजारच्या गाळ्यात लेझरने नवी तार ठिपक्याठिपक्याने जोडली, बरने (दातेरी, फिरत्या बारीक हत्याराने) हिऱ्याच्या कडेसाठी खाच पाडली, हिरा बसवला, टोक गोल केलं. आधीच्या दोन दिवसांत घरी आयग्लासखाली हिऱ्याच्या कडेवरचा लेझरने कोरलेला रिपोर्ट नंबर (हिऱ्याच्या तपासणी-प्रमाणपत्राचा क्रमांक) वहीत उतरवून ठेवला होता. परत आल्यावर पडताळला. शेवटचे दोन आकडे आता नव्या प्राँगखाली गेलेत, बाकी जुळतात. दादांवर अविश्वास म्हणून नाही हं, वहीची शिस्त म्हणून.

माझा स्वतःचा सराव: चांदीच्या चार प्राँगच्या हेडमध्ये (खडा बसवायच्या कोंदणात) पाचवं अमेरिकन डायमंड. पहिली दोन कडेला टवका उडून गेली, तिसऱ्यात खाच इतकी खोल गेली की प्राँग वाकवताना मोडलाच. आता तारेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाही. पाचवं बसलं, धागा अडकत नाही, पण एक टोक इतरांपेक्षा जाड राहिलंय आणि खडा किंचित तिरका. दादा म्हणाले, “चलेगा.” त्यांच्या तोंडून ‘अच्छा’ यायला अजून वेळ आहे.

बँड सध्या उजव्या हातात आहे. तिथे ती थोडी घट्ट होते.