तिथी नसलेली तीन पानं

खानापूर, रविवार, २१ सप्टेंबर २०२५

आज सर्वपित्री अमावास्या. मुलानं सकाळी मलप्रभेवर जाऊन तर्पण केलं, मी घरी तीन पानं जास्तीची मांडली. बाबांचं, आईचं आणि धाकट्याचं. तिघांचीही तिथी मला ठाऊक नाही. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचा दिवस हाच. हे होते तोवर मुलगा आजेपाडव्याला आजोबांना पाणी द्यायचा, ते गेल्यापासून सगळं अमावास्येलाच.

बाबा इथलेच, पण शिलाईचं दुकान गोव्यात, कुडचड्याच्या बाजारात. आई तिकडचीच. १९५५ च्या मे महिन्यात दोघं मला आजीजवळ सोडायला आली. पोर इथं राहून शाळा शिकेल, म्हणून. मला आठवं वर्ष, धाकटा तीन वर्षांचा. परतताना स्टेशनवर आई म्हणाली, "चवथीक तुका व्हरूंक येतां गो, रडूं नाका." धाकटा डब्याच्या खिडकीतून गूळ चोखत माझ्याकडं बघत होता. हात हलवायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

१५ ऑगस्टला सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. त्यानंतर भारतानं हद्द बंद केली. कॅसलरॉकला आपलं कस्टम, पलीकडं कुळ्याला त्यांचं. 'एकाच ट्रंकेला दोनदा उघडायचं' म्हणून बाबा कुरकुरायचे. आता ट्रंक उघडायचा प्रश्नच उरला नाही, कॅसलरॉकपुढं गाडीच जाईना. चवथ आली. आजीनं गणपतीपुढं मला नवा फ्रॉक घातला, बाबांनीच शिवलेला. मी दारातून हलले नाही.

पुढल्या वर्षी १ नोव्हेंबरला आम्ही स्वतःच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. काका म्हणायचे, "हद्द आपल्या पाचवीलाच पुजलीय." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. शाळेत कानडी आली, एवढंच.

सहा वर्षांत एक चिठ्ठी आली. रानातून येणाऱ्या कुणाबरोबर तरी बाबांनी पाठवलेली. 'सर्व खुशाल. फ्रॉकच्या खाली चार बोटं कापड आत दुमडलंय, बेतानं उसव.' पत्रात माया वगैरे काही नाही, शिंप्याचा हिशेब. पण वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवणाऱ्या माणसानं चवथीपर्यंतचाच विचार केला नव्हता, हे मला फार उशिरा सुचलं. आजीनं दर वर्षी एकेक बोट उसवलं. प्रत्येक घडीची रेघ कापडावर राहिली. चौथ्या वर्षी उसवायला काही उरलं नाही.

रानातून चिठ्ठी येते, माणूस का येत नाही, असं मी काकांना एकदा विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुकान, लहान मूल, 'आज उघडेल, उद्या उघडेल'. एवढंच असेल. तरी माझा राग गेलेला नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बापावर रागावून काय मिळतं कोण जाणे.

१९६१ च्या डिसेंबरात बेळगावकडून मिलिटरीच्या गाड्या येऊ लागल्या. रात्रभर, दिवे मंद करून, अनमोडच्या दिशेनं. मी चौदा वर्षांची. सकाळी पोरांबरोबर रस्त्याकडेला उभी राहून जवानांना हात केले. सगळ्या गावाला लढाईची भीती आणि मला आनंद. हे आई-बाबांना आणायलाच चाललेत, असं वाटलं मला. १८ तारखेला फौज आत गेली, १९ ला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नरनं शरणागती दिली. साडेचारशे वर्षांचं राज्य दोन दिवसांत आटोपलं. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले.

महिन्याभरानं काका गेले, मिळेल त्या ट्रकमधून. चौथ्या दिवशी परतले ते एकटेच, हातात बाबांचं अंगुस्तान. शेजाऱ्यांनी सांगितलं ते असं: बाबा दोन पावसाळ्यांमागं तापानं गेले. मग शिगम्याच्या आगेमागे आईला आणि धाकट्याला देवी आल्या. कोण आधी गेलं, हे दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितलं. म्हणजे मी हात करत होते तेव्हा तिकडं कुणीच नव्हतं.

फोटो एकही नाही. बाबांचे हात आठवतात, आईचा आवाज आठवतो. धाकट्याचं तोंड म्हणजे खिडकीतला गूळ, बस्स.

भटजी म्हणाले, मुंज न झालेल्या पोराचं श्राद्ध नसतं. मी हो म्हटलं आणि तिसरं पान मांडलं. नातवानं विचारलं, हे कुणाचं? म्हटलं, तुझ्या बाबाच्या मामाचं. "किती मोठे होते?" मी बोटांवर मोजलं. आठ, फार तर. नातू नऊचा आहे. तो पानाकडं बघत राहिला, मग स्वतःचा पाट ओढून त्या पानाशेजारी बसला.

वडे, खीर, भोपळ्याची भाजी तिन्ही पानांवर वाढली. मिरचीची चटणी दोनच पानांवर. धाकट्याला तिखट सोसायचं नाही. त्याच्या पानावर गुळाचा खडा ठेवला.